सायीवर राहणारी माणसं

आमच्या घरात कोणत्याही प्रश्नाला “मोठी झालीस की कळेल” असं उत्तर द्यायला बंदी होती. बंदी बाबांनी घातलेली. लहानपणी त्यांना प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर मिळालं होतं, आणि मोठं झाल्यावर त्यांना एवढंच कळलं होतं, की उत्तर देणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. म्हणून आपल्या मुलींना सगळं खरंखरं, सविस्तर आणि जमलं तर आकृती काढून सांगायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जपानमधल्या इचिकावातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात जेवणाच्या टेबलामागं एक पांढरा फळा टांगलेला होता. वरणभात कालवता कालवता मी आणि माझी धाकटी बहीण रेणू त्या फळ्यावर चंद्रग्रहण शिकलो, विमान का उडतं ते शिकलो, आणि एकदा, आई हात जोडत असतानाही, मूळव्याध म्हणजे काय तेही शिकलो. बाबा आयटी कंपनीत होते. दिवसभर ते ऑफिसातल्या तानाका-सान आणि सातो-सानना नम्रपणे समजावून सांगायचे आणि समजावण्याची जी हौस शिल्लक राहायची, ती घरी आमच्यावर भागवायचे.

आई पुण्यात दातांची डॉक्टर होती. तिची पदवी जपानात चालत नव्हती, त्यामुळे इथं तिच्या वाट्याला आमची तोंडं तेवढी आली होती. संध्याकाळी गावातल्या भोंग्यांवरून, मुलांनो आता घरी जा, असं सांगणारी ती संथ धून वाजली की आई आम्हा दोघींना बाल्कनीच्या उजेडात उभं करायची आणि “आ कर” म्हणायची. बाबांची पाळी रविवारी. तिची मैत्रीण पुण्यात दोघींचा दवाखाना एकटीनं चालवत होती, आणि प्रत्येक व्हिडिओ कॉलवर दुसरी रिकामी खुर्ची मुद्दाम कॅमेऱ्यात दाखवायची. आई हसायची. कॉल संपला की भांडी जरा जास्तच जोरात घासायची. आपण कधी ना कधी परत जाणार हे घरात ठरलेलं होतं. कधी, ते विचारायचं नाही, हेही ठरलेलं होतं. बाबांच्या फळ्यावर कधीच न आलेला प्रश्न तो हाच असावा.

बाबा मात्र चेष्टेनं म्हणायचे की आईचं खरं दुःख वेगळंच आहे, इथल्या दुधाला साय धरत नाही. दुकानातलं दूध असं काही घुसळून एकजीव केलेलं असायचं की कितीही तापवा, वर नुसता टिश्यू पेपरसारखा पापुद्रा यायचा. आईनं शेवटी एका लांबच्या दुकानात न घुसळलेल्या दुधाच्या बाटल्या शोधून काढल्या. त्या दुधावर जाड, पिवळसर, बोट टेकवलं तर दाबली जाणारी साय यायची. ती साय साठवून विरजण, लोणी, तूप असा सगळा कारभार ती करायची, आणि त्या पातेल्याला आमच्यापैकी कोणी हात लावला तर खैर नसायची. मी आज घरी साधं तूप विकत आणते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण कढत तुपाचा तो वास आठवला की अजूनही भूक लागते.

रविवारी सकाळी आमच्या भागातल्या मराठी घरांतली मुलं कोमिन्कानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक सभागृहात, जमायची. मराठीचा वर्ग. शिकवणारं ठरलेलं कोणी नव्हतं, आईबापांनी आळीपाळीनं शिकवायचं. बाकीचे पालक बाराखडी घ्यायचे, गोष्ट सांगायचे, वजाबाकीची गणितं घालायचे, आणि मुलं मराठीत ऐकून जपानीत उत्तरं द्यायची. एकदा बाबांची पाळी होती आणि त्याच आठवड्यात भूकंपाचे दोन-चार बारीक धक्के बसून गेले होते. देवधर काकांच्या मुलीनं वर्गात विचारलं, जमीन हलते कशी? बाबांचा चेहरा असा काही उजळला, की मी आणि आई दोघीही मनातल्या मनात चपापलो. उत्तर पुढच्या वर्गात देतो, म्हणाले, प्रात्यक्षिकासह. पुढची पाळी देवधर काकांची होती, ती बाबांनी मागून घेतली.

प्रात्यक्षिक म्हणजे आईच्या दुधाचं पातेलं. कोमिन्कानच्या स्वयंपाकाच्या खोलीत शेगडीवर दूध ठेवून बाबांनी सगळ्या मुलांना भोवती उभं केलं. रेणू पाच वर्षांची होती, तिला दिसावं म्हणून स्टुलावर चढवलं. दूध तापलं, जरा निवलं, वर झकास साय आली. “हे दूध म्हणजे पृथ्वीचं पोट,” बाबा म्हणाले. “आत सगळा उकळता रस. शिलारस. आणि ही वरची साय म्हणजे जमीन. आपण सगळे ह्या सायीवर राहतो. हे इचिकावा, हे पुणं.” मग त्यांनी दोन चमच्यांनी साय दोन्ही बाजूंनी हलकेच आत ढकलली. तिला मधोमध सुरकुती पडली, ती उभी राहिली. हिमालय. मुलांनी एकसुरात “ओऽऽ” केलं. मग गॅस मोठा झाला, सायीचा मधला भाग फुगला, थरथरला. भूकंप. मग तिला चीर पडून खालून दूध उसळलं. ज्वालामुखी. बाबांनी शेवटच्या क्षणी गॅस बंद केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलं हात धुवायला पांगली तेव्हा बाबांनी, निव्वळ सवयीनं, ती साय चमच्यानं उचलली, वर चिमूटभर साखर घातली आणि खाल्ली. इचिकावा आणि पुणं एकाच घासात गेलं. हे फक्त रेणूनं पाहिलं. ती अजून स्टुलावरच होती.

निघताना ती दाराच्या पायरीवर थांबली. बूट घातले, पण खाली उतरेना. “उचलून घे,” आईला म्हणाली. दमली असेल म्हणून आईनं उचललं. दुसऱ्या दिवशीही ती जमिनीवर पाय टेकेना. तिसऱ्या दिवशी आम्हाला कळलं की हे दमणं नव्हे.

तिच्याशी बोलून बोलून मी तिचे नियम काढून घेतले, आणि ते चोख होते हे कबूल करायला हवं. घरात चालायला हरकत नाही, कारण आपण चौथ्या मजल्यावर आहोत, खाली दुसऱ्यांची घरं आहेत, ती घरं आधी बुडतील. लिफ्ट चालेल. लिफ्टमधून आईच्या कडेवर, तिथून सायकलच्या मागच्या सीटवर. स्टेशनचा जिना चालेल, उंचावरचा फलाट चालेल, ट्रेन तर उत्तमच. पण कॉन्बिनी, म्हणजे कोपऱ्यावरचं ते चोवीस तास उघडं दुकान, तळमजल्यावर, म्हणून तिथं पाय नाही. बालवाडीत ती पाय वर घेऊन खुर्चीत बसायची. बागेत कुणी उड्या मारल्या की जीव तोडून ओरडायची, “अबुनाइ!” धोका आहे. स्टेशनजवळ नव्या इमारतीचा पाया खणत होते, तिथं पोकलेन दिसला तेव्हा तर तिनं सायकलवरच डोळे गच्च मिटून घेतले. माणसं सायीला मुद्दाम भोक पाडतात, आणि वर पिवळी हेल्मेटं घालून एकमेकांना नमस्कार करतात, हे तिला सहन होईना.

गंमत म्हणजे भूकंपाला ती कधीच घाबरली नव्हती. इथंच जन्मलेली. भूकंपाच्या इशाऱ्यानं फोन किंचाळायला लागला की आई पांढरीफटक पडायची, आणि रेणू बिस्किट हातात घेऊन शांतपणे टेबलाखाली जाऊन बसायची. ती घाबरली भूकंपाच्या स्पष्टीकरणाला. एका रात्री जेवताना तिनं विचारलं, “बाबा, खालचा गॅस कोण बंद करतं?”

बाबांचा घास हातातच राहिला. “खालचा?”

“पृथ्वीचा. उतू जायच्या आधी.”

आईनं बाबांकडं पाहिलं. “सुहास, सांग ना. कोणीतरी बंद करतं म्हण.”

“खोटं सांगू?” बाबा म्हणाले. आणि रेणूकडं वळून त्यांनी शांतपणे, प्रेमानं, खरं सांगितलं, की असं बंद करणारं कोणीच नसतं, आतली उष्णता अजून फार फार वर्षं राहणार आहे. रेणूनं मान डोलावली आणि पाय खुर्चीवर घेतले. म्हणजे चौथ्या मजल्यावरचा भरवसाही गेला.

मग बालवाडीचा उन्दोकाइ आला. उन्दोकाइ म्हणजे खेळांचा दिवस, आईबाप डबे घेऊन मैदानाच्या कडेला चटया पसरून बसतात आणि मुलं धावतात. रेणू खुर्चीवर पाय घेऊन बसली होती. संगीत सुरू झालं, मोठ्या गटातली सगळी मुलं एका तालात उड्या मारायला लागली, आणि ही खुर्चीवर उभी राहून रडत ओरडली, “यामेते! उतू जाईल!” थांबा, हा अर्धा भाग सगळ्या मैदानाला कळला. उरलेला अर्धा मोरी सेन्सेइंना, म्हणजे तिच्या बाईंना, आईला विचारावा लागला. आईनं आपल्या तोकड्या जपानीत सांगितलं की दूध आहे, फार गरम आहे, मुलं त्यावर उभी आहेत. मोरी सेन्सेइंनी फार अदबीनं वाकून ऐकून घेतलं. त्यांना काय समजलं असेल ते समजलं असेल. पण त्यांनी इतकंच विचारलं, की एप्रिलमध्ये ही पहिलीत जाईल, तेव्हा शाळेचं कसं?

खरी अडचण ती होती. इथं पहिलीतली मुलं आईबापांचं बोट धरून शाळेत जात नाहीत. पिवळ्या टोप्या घालून, गट करून, आपली आपण चालत जातात. तिथं कडेवर घेऊन जायची सोयच नाही. आईची कंबर तोवर धरली होती. एका शनिवारी आईबाबांनी आम्हाला समोर बसवलं, आणि बाबांच्याच नियमानं सगळं उघड सांगितलं. नव्या वर्षापर्यंत रेणू चालायला लागली नाही, तर आई आम्हा दोघींना घेऊन पुण्याला जाईल. बाबा इथं राहतील. “तिथं निदान जमीन हलत नाही,” आई म्हणाली.

मला जायचं नव्हतं. मी दहा वर्षांची होते, माझी जिवाभावाची मैत्रीण इथं होती, मला स्वप्नं जपानीत पडायची, आणि पुण्यात गेलं की सगळे मला काहीतरी जपानीत बोलून दाखव म्हणायचे. शिवाय बाबा. ते एकटे त्या फळ्यासमोर बसून कोणाला काय समजावणार होते? मी रडले. आई जवळ घेऊन समजूत घालत होती, पण त्या संध्याकाळी दात तपासताना ती गुणगुणत होती. मला तिचा इतका राग आला की मी आ केलं ते अर्धवटच.

मी शाळेच्या वाचनालयात गेले. काय शोधायचं ते मला माहीत नव्हतं, रेणूला खाली उतरवेल असं काहीही चाललं असतं. तिथं एक मोठं चित्रांचं पुस्तक मिळालं, पृथ्वी सुरीनं कापल्यासारखी, आत रंगीत थर. वरचं पातळ कवच. त्याखाली जाडजूड प्रावरण. आणि प्रावरणाच्या शेजारी, लहान मुलांसाठी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा खडक आहे. घट्ट. मी दोनदा वाचलं. मग वाचनालयाच्या बाईंना विचारलं. हो, म्हणाल्या, घट्टच, फक्त फार फार हळू सरकतो, तुझी नखं वाढतात तसा.

घरी येऊन मी ते पुस्तक बाबांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांना जपानी बोलता यायचं, पण त्यातली चित्रलिपी वाचता यायची नाही, त्यामुळे मी वाचून दाखवलं. “तू काहीतरी चुकीचं वाचतेयस,” म्हणाले. मी परत वाचलं. “लहान मुलांचं पुस्तक आहे, सोपं करून लिहिलं असेल,” म्हणाले. मग लॅपटॉप घेऊन बसले. रविवार आला तेव्हा तर वर्गालाही न जाता सगळा दिवस बसले. आईनं ठेवलेला चहा गार झाला, तो तिनं गरम करून दिला, तो परत गार झाला. संध्याकाळी ते बाहेर आले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, “ताई म्हणते ते बरोबर आहे. दूध नाहीये. दगड आहे.” त्यांना वाईट आपण चुकलो ह्याचं वाटत होतं की शाळेत आपल्याला तसं शिकवलं ह्याचं, ते मला आजवर कळलेलं नाही. थोड्या वेळानं त्यांचा नेहमीचा स्वभाव उफाळून आला. “पण घट्ट असून सरकतो, हे पोरांना दाखवायचं कसं?”

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे गूळ.”

आणि खरंच, तिनं कपाटातून कोल्हापूरहून आणलेली गुळाची ढेप काढली. उन्हाळाभर दमट हवेत डब्यात बसून बसून ती बसकी झाली होती, डब्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत शिरून डब्याचाच आकार घेऊन बसली होती. तरी बत्ता घातल्याशिवाय तुकडा निघत नव्हता. बाबा तिच्याकडं बघतच राहिले. मी आता त्या वयाच्या पुष्कळ पुढं आले आहे, आणि मला त्या क्षणाचं राहून राहून नवल वाटतं. ती गप्प बसू शकली असती. मेथी निवडत राहिली असती, तरी तिला कोणी काही म्हटलं नसतं.

बाबांनी पुन्हा एकदा दुसऱ्याची पाळी मागून घेतली. वर्ग भरला. रेणू टेबलावर मांडी घालून बसली होती, पाय परकराखाली झाकून. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, “मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मग ढेप निघाली. प्रत्येक मुलानं बत्ता हाणून पाहिला, प्रत्येकानं तुकडा तोंडात टाकला, आणि डब्याच्या आकाराची ती ढेप सगळ्यांच्या हातून फिरून रेणूपर्यंत गेली. तिनं ती दोन्ही हातांनी दाबून पाहिली.

“आत दूध नाही?”

“नाही. दगड. खूप खोलपर्यंत दगडच.”

“आणि त्याच्या खाली?”

बाबांनी सगळा रविवार वाचलं होतं, त्यांना माहीत होतं त्याच्या खाली काय आहे. मलाही माहीत होतं, पुस्तकात तो थर नारिंगी रंगानं दाखवला होता. मी मनात म्हणत होते, दगड म्हणा, बाबा, नुसतं दगड म्हणा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं.

“त्याच्या खाली वितळलेलं लोखंड आहे,” ते म्हणाले. “पातळ. आणि त्याच्या आत, अगदी मधोमध, परत घट्ट गोळा.”

माझं सगळं संपलं असं मला वाटलं. रेणू मात्र विचार करत होती.

“किती खोल?”

बाबांनी जरा हिशेब केला. “आपण विमानात बसतो पुण्याला जायला. जेवण येतं. ट्रे घेऊन जातात. दिवे बंद करतात. तू कंटाळतेस, तुला झोप लागते. तेवढं सरळ खाली गेलं, की मग ते लोखंड लागतं.”

“आणि मधला गोळा?”

“मधोमध जायचं तर जवळजवळ पुण्याइतकं लांब.”

रेणूला विमान ठाऊक होतं. पुण्याला पोचेपर्यंत आपण कितीदा “आलं का?” विचारतो हेही ठाऊक होतं. तिनं एक पाय टेबलावरून खाली सोडला. तो टेकवला. दुसरा टेकवला. जराशी वाकून तिनं गुडघे हलवून पाहिले. “कताइ,” ती म्हणाली. घट्ट आहे. मग तिनं एक उडी मारली, आणि लगेच कान देऊन ऐकलं. मग दुसरी. देवधर काकांची मुलगी तिच्या शेजारी उड्या मारायला लागली, मग सगळेच. मी तर इतक्या उंच उड्या मारल्या की शेजारच्या खोलीत फुलांची मांडणी शिकणाऱ्या आजीबाई दारात येऊन वाकून उभ्या राहिल्या, आणि बाबा त्यांच्याहून जास्त वाकून माफी मागत राहिले.

घरी आम्ही चालत गेलो. रेणू पुढं, प्रत्येक पाऊल आपटत, बाबा तिच्या मागं, आणि आई माझ्याबरोबर. आईचे हात रिकामे होते. कित्येक आठवड्यांनी तिच्या कडेवर कोणी नव्हतं, आणि त्या हातांचं काय करावं हे तिला समजत नसावं, कारण ती मधेच पर्स ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. मला गगन ठेंगणं झालं होतं. आम्ही राहणार होतो. माझी शाळा, माझी मैत्रीण, बाबा, सगळं राहणार होतं.

“म्हणजे आता जायचं कारण उरलं नाही,” आई बाबांना म्हणाली.

“जाऊ ना,” बाबा मागं वळून म्हणाले. “उन्हाळ्याच्या सुट्टीत, चौघंही जाऊ.”

“ते जाणं वेगळं.”

आयुष्यभर ज्यांना प्रत्येक गोष्टीवर काही ना काही सांगायचं असे, ते माझे बाबा नुसते चालत राहिले. मला आनंद तर इतका झालेला की चेहरा आवरेना, आणि आईकडं बघितलं की तो आनंद चोरून आणल्यासारखा वाटायला लागला. काय करावं ते न कळून मी तिचा हात धरला आणि रेणूसारखी पाय आपटत चालायला लागले.

“ताई, आणखी जोरात,” रेणूनं पुढून हुकूम सोडला. “आई, तू पण. काही होत नाही.”

आई थांबली. तिनं रस्त्याकडं, त्या काळ्याभोर गुळगुळीत रस्त्याकडं, खाली बघितलं. आणि चपलेचा पाय उचलून असा काही आपटला, की माझा हात तिच्या हातातून सुटला.